कोश आणि व्याकरण : जिन-कॉकटेलच्या दोन प्रमाणग्रंथांची भाषा

: १ :

जिन या मद्यावर आधारलेली अभिजात कॉकटेल्स घरी कशी करावीत याचे मार्गदर्शन शोधणाऱ्या इंग्रजी वाचकाला दोन जुन्या पुस्तकांचा निर्देश वारंवार आढळतो. पहिले पुस्तक म्हणजे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील अमेरिकन बारचा प्रमुख हॅरी क्रॅडक याच्या नावावर १९३० साली प्रसिद्ध झालेले ‘द सॅव्हॉय कॉकटेल बुक’. दुसरे म्हणजे न्यूयॉर्कचा वकील डेव्हिड एंबरी याचे १९४८ सालचे ‘द फाइन आर्ट ऑफ मिक्सिंग ड्रिंक्स’. दोन्ही पुस्तके पुनःपुन्हा छापली गेली आणि दोहोंना प्रमाणग्रंथांची प्रतिष्ठा लाभली. तथापि या दोहोंची जात एक नव्हे. एक व्यवसायातील माणसाने सिद्ध केलेला संग्रह आहे. दुसरे एका हौशी गृहस्थाने केलेले विवेचन आहे. आपण मद्यव्यवसायात कधीही नव्हतो, आपला अनुभव पेये पिण्याचा आणि पाहुण्यांसाठी ती करण्याचा आहे, हे एंबरी प्रारंभीच स्पष्ट करतो.

कृती सांगणाऱ्या गद्याकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. जे गद्य वाचून बाजूला ठेवायचे नसून ज्यानुसार हातांनी काही करायचे आहे, त्याचे मूल्य त्याच्या उपयुक्ततेतच संपते अशी समजूत यामागे असते. वस्तुतः असे गद्य भाषेची एक कठोर परीक्षा घेते. हाताला असलेले ज्ञान शब्दांत कितपत उतरते आणि शब्दांतून दुसऱ्या हाताला ते कितपत पोहोचते, या प्रश्नाचे उत्तर येथे पेल्यात दिसते. मद्यशाळेत नवशिक्याच्या शेजारी जाणता उभा असतो. घरी वाचकाजवळ केवळ पुस्तक असते. म्हणून घरगुती वाचक हाच या ग्रंथांचा खरा परीक्षक होय. त्या दृष्टीने पाहता ‘सॅव्हॉय’ हा एक कोश आहे आणि एंबरीचे पुस्तक हे एक व्याकरण आहे. कोशाने काय गृहीत धरले आणि व्याकरणाने काय नाकारले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

: २ :

या गद्याची परंपरा थोडक्यात पाहणे अवश्य आहे. कॉकटेल या शब्दाची सुप्रसिद्ध आद्य व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका नियतकालिकात १८०६ साली आढळते. तीनुसार मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू वनस्पतींचा मद्यार्क, यांचे मिश्रण ते कॉकटेल. पाणी हा घटक या व्याख्येत नावानिशी आलेला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८६२ साली जेरी थॉमस याचे ‘हाऊ टु मिक्स ड्रिंक्स’ हे पुस्तक न्यूयॉर्क येथे निघाले. त्यात जिन-कॉकटेलची कृती आहे: साखरेच्या गोंदयुक्त पाकाचे तीन-चार डॅश, बिटर्सचे दोन डॅश, एक वाइनग्लास जिन, किंचित क्युरासाओ, लिंबाच्या सालीचा तुकडा आणि पेल्याच्या एक-तृतीयांशापर्यंत बारीक बर्फ. येथील ‘वाइनग्लास’ म्हणजे घरातील वाइनचा पेला नव्हे. ते सुमारे दोन औंसांचे, म्हणजे ६० मिलिलिटरच्या आसपासचे व्यावसायिक माप होते. मापाचे नाव लोकव्यवहारातले आणि अर्थ मात्र धंद्यातला, अशी ही परिस्थिती आहे. शिवाय या कृतीत बिटर्सचे नाव ‘बोगार्ट’ असे छापले आहे. ते त्या काळी प्रचलित असलेल्या ‘बोकर’ या नावाचा छापखान्यातील अपभ्रंश असल्याचे अभ्यासक मानतात. धंद्यातील वाचकाला त्या चुकीने काही फरक पडला नसेल, कारण बाटली त्याच्या फळीवर होती. घरच्या वाचकाने मात्र अस्तित्वात नसलेल्या बाटलीचा शोध घेतला असता.

ओ. एच. बायरन याच्या १८८४ सालच्या पुस्तकातील उदाहरण याहून बोलके आहे. मार्टिनीचा पूर्वज म्हणून पुष्कळदा दाखवल्या जाणाऱ्या ‘मार्टिनेझ’ या पेयाची कृती तेथे स्वतंत्रपणे दिलेलीच नाही. मॅनहॅटनप्रमाणेच करावे, केवळ व्हिस्कीच्या जागी जिन घ्यावी, एवढाच आदेश आहे. अडचण अशी की, त्याच पुस्तकात मॅनहॅटनच्या दोन कृती आहेत. एकीत फ्रेंच व्हर्मूथ आहे आणि दुसरीत इटालियन. (व्हर्मूथ म्हणजे सुगंधी व कडू वनस्पती मुरवून किंचित मद्यार्क मिसळलेली वाइन. फ्रेंच प्रकार रूढीने कोरडा, म्हणजे अगोड. इटालियन प्रकार गोड.) तेव्हा मार्टिनेझ कोणत्या मॅनहॅटनसारखे करावे, याचे उत्तर पाठात नाही. सर्वनाम आहे, पण त्याचे पूर्वपद निश्चित नाही.

या दोन्ही उदाहरणांतील गद्य सदोष आहे असे म्हणणे घाईचे होईल. ते सहव्यवसायिकाला उद्देशून लिहिलेले आहे. जाणत्याने जाणत्याला केलेली ती टिपणे आहेत आणि टिपण या दृष्टीने ती पुरेशी आहेत. जे दोघांनाही ठाऊक आहे ते न बोलणे हा सर्वच भाषाव्यवहाराचा नियम आहे. प्रश्न उद्भवतो तो वाचक बदलतो तेव्हा.

: ३ :

वाचक बदलण्याचे एक मोठे कारण अमेरिकेतील दारूबंदी हे होय. १९२० पासून १९३३ पर्यंत तेथे मद्याचे उत्पादन व विक्री निषिद्ध होती. कायदेशीर मद्यशाळा बंद झाल्या आणि कॉकटेल करण्याचे स्थान बऱ्याच अंशी चोरट्या अड्ड्यांत व खासगी घरांत हलले. स्वतः क्रॅडक अमेरिकेतील बारमध्ये काम करून १९२० च्या सुमारास लंडनला परतला तो याच घडामोडीमुळे. ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’ निघाले तेव्हा अमेरिकेत बंदी चालू होती. गिल्बर्ट रम्बोल्डच्या रंगीत चित्रांनी सजलेले हे पुस्तक धंद्यातील माणसापेक्षा दिवाणखान्यातील वाचकाकडे पाहून निघालेले आहे, हे त्याच्या बाह्यांगावरूनच समजते.

परंतु अंतरंगातील कृतींची भाषा जुन्या टिपणांचीच राहिली. सुमारे साडेसातशे कृती वर्णानुक्रमाने लावलेल्या, प्रत्येकीत घटकांची नावे, त्यांचे अपूर्णांक आणि शेवटी जवळजवळ न बदलणारे एक आज्ञार्थी वाक्य: चांगले हलवावे आणि कॉकटेलच्या पेल्यात गाळून घ्यावे. कोशातील नोंदीप्रमाणेच येथे नाम पुढे असते आणि क्रियापद साच्यापुरते उरते. उदाहरणार्थ, ‘व्हाइट लेडी’ या पेयाची नोंद अशी: जिन निम्मी, क्वांट्रो हे संत्र्याच्या सालीचे लिक्यर पाव भाग आणि लेमनचा रस पाव भाग.

या अपूर्णांकी पद्धतीचा गुण मोठा आहे. ती कोणत्याही मापाशी बांधलेली नाही. घरात औंसाचे मापटे नसले तरी औषधाची टोपी, अंड्याचा कप, कोणतेही लहान भांडे घेऊन निम्मे आणि पाव ही प्रमाणे साधता येतात. थॉमसच्या ‘वाइनग्लास’ने घरच्या वाचकाला ज्या पेचात टाकले होते त्यातून ‘सॅव्हॉय’च्या अपूर्णांकांनी त्याला सोडवले.

मात्र याच पद्धतीत एक विसंगती शिल्लक राहिली. मुख्य घटक अपूर्णांकांत असतात आणि तीव्र चवीचे घटक ‘डॅश’मध्ये, म्हणजे बाटलीला एक झटका दिला असता पडणाऱ्या थेंबांत. अपूर्णांक हे सापेक्ष मान आहे; डॅश हे, कितीही ढोबळ असले तरी, निरपेक्ष मान आहे. दोन्ही एका वाक्यात आले की ‘कशाचा अपूर्णांक?’ हा प्रश्न टाळता येत नाही. त्या काळचा कॉकटेलचा पेला आजच्या मानाने बराच लहान असे. आज कोणी दुप्पट आकाराच्या पेल्यासाठी तीच कृती केली तर जिन व रस प्रमाणात वाढतात, पण एक डॅश एकच राहतो आणि त्याचा प्रभाव निम्म्यावर येतो. पाठातील एकही अक्षर न बदलता पेय बदलते.

कोशाचे दुसरे वैगुण्य पाठपरंपरेचे आहे. ‘एव्हिएशन’ या पेयाची कृती न्यूयॉर्कच्या ह्यूगो एन्सलिनच्या १९१६ सालच्या पुस्तकात आढळते. तीत जिन दोन-तृतीयांश, लेमनचा रस एक-तृतीयांश आणि मारास्किनो या चेरीच्या लिक्यरचे व व्हायोलेट फुलांच्या लिक्यरचे प्रत्येकी दोन डॅश आहेत. क्रॅडकपुढे एन्सलिनचे पुस्तक असावे असे मानले जाते. पण ‘सॅव्हॉय’मधील नोंदीत व्हायोलेटचे लिक्यर नाही. ते हेतुतः गाळले की नजरचुकीने, हे पाठावरून ठरवता येत नाही. परिणाम मात्र निश्चित आहे. त्या लिक्यरने पेयाला येणारी फिकट निळसर छटा गेली. विमानोड्डाणाच्या नावाशी त्या आकाशी छटेचा जो संबंध सहज जोडता येतो, तो पुढच्या अनेक वाचकांना दुर्बोध झाला. नाव उरले, व्युत्पत्ती हरवली. एन्सलिनच्या पुस्तकाकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष गेल्यावर, म्हणजे कित्येक दशकांनंतर, तो पाठ सुधारला गेला.

तिसरी अडचण अनुवादाची आहे आणि ती मराठी वाचकाला विशेष जाणवेल. इंग्रजी कृतींत ‘लेमन’ आणि ‘लाइम’ हे दोन भिन्न शब्द आहेत. व्हाइट लेडीला लेमन लागते. गिमलेट या पेयात, ‘सॅव्हॉय’च्या नोंदीनुसार, निम्मी जिन आणि निम्मा रोझ कंपनीचा लाइमचा गोड अर्क असतो. मराठीत दोहोंसाठी ‘लिंबू’ हा एकच शब्द सहज वापरला जातो आणि महाराष्ट्रातील घरी तो शब्द ज्या वस्तूचा बोध करतो ते कागदी लिंबू लाइमच्या जातीचे आहे. तेव्हा व्हाइट लेडीची कृती मराठीत ‘लिंबाचा रस पाव भाग’ अशी निर्दोषपणे उतरली तरी पेल्यात वेगळाच, अधिक उग्र रस पडतो. शब्दार्थ साधला, पदार्थ सुटला.

: ४ :

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ‘सॅव्हॉय’च्या नोंदींत एक घटक सहसा लिहिलेला नसतो आणि तरी तो जवळजवळ प्रत्येक पेल्यात असतो. तो घटक म्हणजे पाणी.

बर्फात ढवळलेल्या वा हलवलेल्या कॉकटेलच्या पेल्यात उतरणाऱ्या द्रवाचा साधारणपणे चौथा किंवा पाचवा हिस्सा वितळलेल्या बर्फाचे पाणी असते. हा अपघात नव्हे. थंड होण्याची ती किंमत आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. ६० मिलिलिटर जिन आणि १० मिलिलिटर व्हर्मूथ खोलीच्या तपमानावरून शून्य अंशाच्या थोडे खाली आणावयाचे तर जवळपास २० ग्रॅम बर्फ वितळावाच लागतो. म्हणजे ७० मिलिलिटरची लिखित कृती पेल्यात ९० मिलिलिटर होऊन येते. जिनची धार या पाण्याने बोथट होते आणि तिच्यातील जुनिपर व इतर वनस्पतींचा गंध मोकळा होतो.

१८०६ च्या व्याख्येत पाणी स्पष्टपणे उच्चारले होते. पुढे बर्फ सुलभ झाला आणि पाण्याचे काम तोच करू लागल्यामुळे पाण्याचे नाव कृतीतून गेले. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत ही लोपाची स्थिती होय. लोप म्हणजे निव्वळ अभाव नव्हे. ज्याचे स्थान सिद्ध आहे त्याचे न दिसणे म्हणजे लोप, आणि न दिसणाऱ्याचेही कार्य चालूच राहते. ‘सॅव्हॉय’च्या नोंदीच्या शेवटी येणारे ‘चांगले हलवावे’ हे साचेबंद वाक्य वस्तुतः त्या लुप्त घटकाचे चिन्ह आहे. किती हलवावे याचे उत्तर म्हणजे किती पाणी घालावे याचे उत्तर.

मद्यशाळेतील जाणत्याला हे चिन्ह वाचता येते. शेकरच्या धातूवर साचणारे दव आणि बर्फाचा बदलता आवाज त्याला मात्रा सांगतात. घरच्या वाचकाला हे चिन्ह दिसत नाही आणि त्यामुळे दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. एक, बर्फ वितळून पेय ‘पाणचट’ होईल या भीतीने दोन-चार हिसक्यांतच तो थांबतो. दोन, जिनची बाटली अतिशीत कप्प्यात ठेवून तो बर्फाशी अल्पस्पर्शाने पेय करतो. अशा वेळी मद्य आधीच गार असल्याने बर्फ फारसा वितळत नाही. कृती अक्षरशः पाळली जाते आणि पेय असह्य तीव्र होते. येथे लोप उरत नाही, खरोखरीचा अभाव होतो. अशा पद्धतीने करावयाचे असल्यास पाणी मोजून घालणे हाच योग्य मार्ग आहे.

‘सॅव्हॉय’मध्ये नवशिक्यासाठी काही सूचना प्रारंभी दिलेल्या आहेत, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. बर्फ आवश्यक समजावा, एकदा वापरलेला बर्फ पुन्हा वापरू नये, शेकर जोराने हलवावा, पेले आधी गार करावेत, अशा त्या सूचना आहेत. त्या सर्व योग्य आहेत. पण त्या आज्ञा आहेत, कारणे नव्हेत. वापरलेला बर्फ पुन्हा का वापरू नये याचा खुलासा झाला असता तर पाण्याचा प्रश्न तेथेच पुढे आला असता. आपल्याकडील पाककृतींत ‘मीठ चवीपुरते’ असे लिहिले तर चालते, कारण मिठाची चव वाचकाने जन्मभर घेतलेली असते. मार्टिनीतील पाण्याची चव घरच्या वाचकाने पाणी म्हणून कधी ओळखलेलीच नसते.

: ५ :

एंबरीच्या पुस्तकाचे ऐतिहासिक महत्त्व नेमके येथे आहे. त्याने कारणे सांगितली. साडेसातशे नावे वर्णानुक्रमाने लावण्याऐवजी त्याने विचारले की, कॉकटेल हे कोणत्या रचनेने सिद्ध होते? त्याच्या उत्तरानुसार प्रत्येक कॉकटेलात तीन स्थाने असतात: आधारभूत मद्य, त्यात फेरफार घडवणारा घटक आणि विशेष चव वा रंग देणारा घटक. फेरफार घडवणारा घटक व्हर्मूथ वा बिटर्ससारखा सुगंधी असला तर एक वर्ग, आंबट रस असला तर दुसरा वर्ग. सहा मूलभूत कॉकटेल्स नीट आत्मसात केली की, बाकीची त्यांवरून साधता येतात, अशी त्याची भूमिका आहे. या सहांत जिनवर आधारलेले एकच आहे, ते म्हणजे मार्टिनी. आंबट वर्गासाठी त्याने एक भाग गोड, दोन भाग आंबट आणि आठ भाग मद्य हे सूत्र दिले आणि वाचकाला स्वतःची पेये रचण्यास उत्तेजन दिले.

परिमित नियमांतून अपरिमित रूपे सिद्ध करावयाची, ही दृष्टी वैयाकरणाची आहे. कोशावर अवलंबून राहणारा वाचक नोंद सापडली नाही की थांबतो. व्याकरण जाणणारा वाचक पुढे जाऊ शकतो. घरात सगळ्या बाटल्या नसतात. असलेल्या चार बाटल्यांतून काय होऊ शकेल, हा घरचा खरा प्रश्न असतो. त्याला उत्तर देणारे पुस्तक एंबरीने प्रथमच इतक्या पद्धतशीरपणे लिहिले.

क्रियापदांकडेही त्याने लक्ष दिले. ‘सॅव्हॉय’मध्ये मार्टिनीलाही हलवण्याचाच साचेबंद आदेश आहे. एंबरीच्या मते मार्टिनी ढवळावी; हलवल्यास हवेचे बुडबुडे व बर्फाचे कण मिसळून ती गढूळ होते आणि अशा हलवलेल्या मार्टिनीला ‘ब्रॅडफर्ड’ हे वेगळे नाव आहे, असे तो सांगतो. घटक तेच, प्रमाण तेच, केवळ क्रिया भिन्न आणि तेवढ्याने नाव भिन्न. ध्वनिविचारात ज्यास लघुतम युग्म म्हणतात त्याचाच हा नमुना आहे. क्रिया ही येथे अर्थभेदक आहे, ही गोष्ट कोशाने लपवली होती. व्याकरणाने ती उघड केली. जेथे आंबट रस, साय वा अंड्याचा बलक-पांढरा आहे तेथे हलवावे, जेथे सर्व घटक पारदर्शक आहेत तेथे ढवळावे, हा आज सर्वमान्य असलेला विवेक घरच्या वाचकाला अशा विवेचनातूनच मिळतो.

: ६ :

परंतु व्याकरणकाराला जो मोह नेहमी होतो तो एंबरीलाही झाला. वर्णन करता करता तो विधिनिषेध सांगू लागला. कॉकटेलाने भूक चाळवावी, म्हणून ते कोरडे असावे. मद्याचे अस्तित्व जाणवावे, म्हणून आधारभूत मद्य एकूण मिश्रणाच्या निम्म्याहून अधिक असावे, असे त्याचे म्हणणे आहे. या आग्रहाचे कारण समजण्याजोगे आहे. दारूबंदीच्या काळातील निकृष्ट जिनची चव झाकण्यासाठी गोड रस व साय यांचा जो मारा झाला त्याची ही प्रतिक्रिया होती. पण प्रतिक्रिया सिद्धान्त म्हणून मांडली की, तिच्या बाहेर राहणारी शुद्ध रूपेही अशुद्ध ठरू लागतात.

‘सॅव्हॉय’मधील ‘कॉर्प्स रिव्हायव्हर क्रमांक २’ या पेयात जिन, क्वांट्रो, किना लिले ही कडसर फ्रेंच वाइन आणि लेमनचा रस हे चारही घटक समभाग आहेत. शिवाय अॅबसिंथचा एक डॅश. येथे जिन चतुर्थांशच आहे. नेग्रोनी या इटालियन पेयात जिन, कँपारी आणि गोड व्हर्मूथ समभाग असतात. तेथे जिन एक-तृतीयांश आहे. व्हाइट लेडीत ती बरोबर निम्मी आहे, निम्म्याहून अधिक नाही. एंबरीचा नियम शब्दशः लावला तर तिन्ही पेये नियमबाह्य ठरतात. परंतु ही तिन्ही रसिकांच्या व्यवहारात टिकून राहिली आहेत. कोणताही एक घटक आधार आणि बाकीचे त्याचे सेवक अशी रचना समभाग पेयांत नसते. तेथे घटकांचा परस्परविरोध हाच आधार असतो. नेग्रोनीत कँपारीचा कडवटपणा व्हर्मूथच्या गोडीला आणि जिनच्या कोरडेपणाला एकाच वेळी तोलून धरतो. अशी रचना एंबरीच्या तीन स्थानांत बसत नाही, हा त्या रचनेचा दोष नव्हे.

दुसरी त्रुटी अधिक सूक्ष्म आहे. १ : २ : ८ या सूत्रातील ‘गोड’ या स्थानी एंबरी कधी साखरेचा पाक ठेवतो, तर कधी लिक्यर. ब्रँडीच्या ‘साइडकार’ या पेयात त्याने क्वांट्रोला एक भागाचेच स्थान दिले आहे. त्याला अभिप्रेत असलेला पाक दाट, पाण्यापेक्षा साखर कितीतरी अधिक असलेला. क्वांट्रोत साखर त्या मानाने बरीच कमी असते आणि मद्यार्क ४० टक्के असतो. म्हणजे तो एकाच वेळी गोडही आहे आणि मद्यही आहे. एकाच स्थानी येऊ शकणारी दोन पदे समानार्थी असतात असे नाही, हे भाषाभ्यासकाला सांगावयास नको. हेच सूत्र जिनला लावून व्हाइट लेडी केली तर अकरा भागांत जिन आठ, रस दोन आणि क्वांट्रो एक असे मान पडते. जिन ७३ टक्क्यांच्या जवळ जाते, आंबटपणाला तोलणारी गोडी उरत नाही आणि नाव तेच राहूनही पेय दुसरेच होते. ‘सॅव्हॉय’मधील पाव-पाव हे मान नियमात बसत नाही, पण जिभेला पटते, कारण ते नियमातून काढलेले नसून व्यवहारातून आलेले आहे. आज पातळ, समभाग पाक वापरणाऱ्या वाचकाला एंबरीच्या सूत्रातून मिळणारे पेय तर आणखी आंबट लागेल.

मार्टिनीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. थॉमसच्या मृत्यूनंतर १८८७ साली निघालेल्या आवृत्तीतील मार्टिनेझमध्ये गोडसर ‘ओल्ड टॉम’ जिन एक भाग आणि व्हर्मूथ दोन भाग आहे. ‘सॅव्हॉय’च्या ड्राय मार्टिनीत जिन दोन भाग, फ्रेंच व्हर्मूथ एक भाग आहे. एंबरीने जिनचे प्रमाण सात भागांपर्यंत नेले. साठ-एकसष्ट वर्षांच्या अवधीत प्रमाण उलटले आणि जिनच्या बाजूला झुकतच गेले. यांतील कोणतीही एक अवस्था शुद्ध आणि बाकीच्या भ्रष्ट असे ठरवण्यास ऐतिहासिक आधार नाही. एंबरीने आपल्या काळचा कल हा कॉकटेलचा स्वभावधर्म मानला. महाभाष्यातील कुंभाराचा दृष्टान्त येथे स्मरतो. घट हवा असणारा कुंभाराकडे जाऊन घट करवून घेतो, पण शब्द वापरू इच्छिणारा वैयाकरणाच्या घरी शब्द करवून घ्यायला जात नाही. प्रयोग आधी, व्याकरण नंतर. एंबरीला हा क्रम सर्वत्र सांभाळता आला नाही.

: ७ :

तेव्हा घरच्या वाचकाने कोणत्या ग्रंथावर विसंबावे? कोशात रूपे जतन झाली आहेत, पण ती कशी साधली याचे ज्ञान नाही. व्याकरणात साधनेचे ज्ञान आहे, पण कित्येक रूपांना त्यात जागा नाही. एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढावी असाच या दोहोंचा संबंध आहे. ‘सॅव्हॉय’मधील प्रमाण घ्यावे आणि ते साध्य करण्याची रीत व कारण एंबरीकडून घ्यावे, हा व्यवहार्य मार्ग होय. एंबरीच्या सूत्राला उत्सर्ग मानावे आणि ‘सॅव्हॉय’च्या नोंदीला अपवादाचा अधिकार द्यावा. अपवाद उत्सर्गाला बाध करतो हे तत्त्व येथेही लागू पडते.

एवढ्यानेही काम पूर्ण होत नाही, कारण दोन्ही ग्रंथांतील शब्द ज्या वस्तूंचा निर्देश करतात त्या वस्तू स्थिर नाहीत. किना लिलेचे नाव पुढे नुसते ‘लिले’ झाले आणि १९८० नंतरच्या दशकात तिची घडणही बदलण्यात आली. त्यामुळे आज अनेक जाणते कॉर्प्स रिव्हायव्हरसाठी तिच्याऐवजी सिंकोनाच्या सालीचा कडवटपणा असलेली कोकी अमेरिकानो ही इटालियन वाइन सुचवतात. पाठाशी प्रामाणिक राहण्यासाठी पाठातील शब्द सोडावा लागतो, अशी ही विलक्षण अवस्था आहे. व्हर्मूथची स्थिती याहून साधी, पण घरी अधिक उपद्रवी आहे. गर्दीच्या मद्यशाळेत बाटली उघडली की, थोड्याच दिवसांत संपते; घरी ती कित्येक महिने फळीवर राहते. व्हर्मूथ मूलतः वाइन असल्याने उघडल्यावर काही आठवड्यांतच तिची चव उतरते. ती शीतकपाटात ठेवावी लागते. दोन्ही ग्रंथांतील ‘व्हर्मूथ’ या शब्दाचा अर्थ ‘ताजी व्हर्मूथ’ असा आहे. घरगुती मार्टिनीत व्हर्मूथ नकोशी वाटते याचे कारण पुष्कळदा प्रमाणात नसून या न उच्चारलेल्या विशेषणात असते.

यावरून या गद्यप्रकाराच्या मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. कृती किती संक्षिप्त आहे किंवा किती सविस्तर आहे, हा तो निकष नव्हे. कृतीने जे गाळले आहे ते तिच्या वाचकाला भरून काढता येते की नाही, हा निकष होय. थॉमस आणि बायरन आपल्या वाचकापुरते या कसोटीस उतरतात. ‘सॅव्हॉय’चा वाचक बदलला होता, पण त्याची भाषा बदलली नाही, म्हणून ते पुस्तक रम्य आणि अपुरे आहे. एंबरीने भाषा बदलली, वाचकाला समजुतीचा अधिकार दिला. परंतु त्याच वेळी स्वतःच्या अभिरुचीला नियमाचे रूप दिले. घरासाठी आज नवी पुस्तके लिहिणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण, पाकाची घनता, पेल्याचे आकारमान आणि रस कोणत्या फळाचा, या चार गोष्टी शब्दांत आणल्या तर कोशाचा मोठा दोष दूर होईल. आपले नियम कोणत्या काळाच्या आणि कोणाच्या जिभेचे आहेत हे त्यांनी सांगितले, तर व्याकरणाचाही दूर होईल.